बीडीएसची वाट: मोफत शिकवणी, कागदपत्रे आणि पसंतीक्रम

नीट परीक्षेतून होणाऱ्या दंतवैद्यक (बीडीएस) प्रवेशाबद्दल आलेल्या पत्रांत एक बाब पुन्हा पुन्हा दिसली. अभ्यास कसा करावा हे बहुतेकांना कुणी ना कुणी सांगितलेले असते. कोणता अर्ज कोणत्या महिन्यात करायचा हे मात्र कुणीच सांगितलेले नसते. त्यामुळे या वेळी कागदपत्रांच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. आकडे २०२५ च्या परीक्षेपर्यंतचे आहेत. अर्ज करताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी उघडी ठेवा.

मुलगी दहावीला ७४ टक्के मिळवून पास झाली. आम्ही ओबीसी, कोरडवाहू शेती. तालुक्यातला क्लास दोन वर्षांचे लाखाच्या वर मागतो. सरकारची मोफत शिकवणी असते म्हणतात, ती खरी का? — एक पालक, ता. कन्नड

खरी आहे, आणि तुम्ही योग्य वेळी विचारले. ही शिकवणी अकरावीच्या सुरुवातीला मिळवायची असते. बारावीचा निकाल हातात घेऊन चौकशी करणाऱ्यांची गाडी तोवर चुकलेली असते.

ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती ही संस्था जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीचे दोन वर्षांचे ऑनलाइन प्रशिक्षण देते. सोबत टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा मिळतो. आतापर्यंतच्या जाहिरातींत दहावीला ग्रामीण भागासाठी ६० आणि शहरी भागासाठी ७० टक्क्यांची अट होती, म्हणजे तुमची मुलगी बसते. लागणारे कागद: दहावीची गुणपत्रिका, अकरावी विज्ञानचा प्रवेश झाल्याचे बोनाफाईड, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात नसल्याचा दाखला), रहिवासी दाखला आणि आधार. यातले नॉन-क्रिमिलेअर वेळेत नसल्याने अर्ज सर्वांत जास्त बाद होतात. निकालाच्या आधीच सेतू केंद्रात अर्ज टाकून ठेवावा.

अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय आणि मराठा-कुणबी समाजासाठी सारथी अशाच धर्तीवर काम करतात. मात्र या संस्थांच्या सगळ्या जाहिराती नीटच्या नसतात. बँक, पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांच्याही असतात. मथळा पाहून अर्ज भरू नका, अभ्यासक्रमाचे नाव वाचा.

आता मोफत ऑनलाइन शिकवणीत काय बिघडते ते ऐका. मुले व्याख्याने पाहतात आणि वहीत उतरवतात. प्रश्न सोडवत नाहीत. चार महिन्यांनी चाळीस व्याख्याने साचतात आणि टॅब सिनेमाच्या कामी येतो. यावरचा उपाय साधा आहे. गावातली चार-पाच मुले-मुली मिळून शाळेच्या खोलीत किंवा अभ्यासिकेत बसवा. एक तास व्याख्यान आणि लगेच त्याच धड्यावरचे तीस प्रश्न, असा क्रम धरा. दर रविवारी दुपारी २ ते ५ या वेळेत पूर्ण पेपर, तोही छापील उत्तरपत्रिकेवर गोल भरून. खरी परीक्षा २०२५ मध्ये त्याच वेळेत झाली, आणि ऐन मे महिन्यात दुपारी तीन तास न पेंगता बसणे हीसुद्धा सवयच आहे.

मी दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकलो. नीटचा पेपर मराठीत घेतला तर चालेल का? — अकरावीचा विद्यार्थी, धारणी

चालेल. नीट १३ भाषांत होते, त्यांत मराठी आहे. मराठीची पुस्तिका द्विभाषिक असते, इंग्रजी प्रश्न सोबत छापलेला असतो, आणि भाषांतरावरून वाद झाला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात.

तरीही आमचा कल इंग्रजी पुस्तिकेकडे आहे. अकरावी-बारावी विज्ञानाचा अभ्यास तू इंग्रजी पुस्तकांतूनच करणार. प्रश्नांचा मुख्य आधार एनसीईआरटीची पुस्तके, तीही इंग्रजीत. दोन वर्षे ‘व्हॅक्यूओल’ वाचून परीक्षेच्या दिवशी ‘रिक्तिका’ समोर आली की वीस सेकंद जातात, आणि १८० मिनिटांत १८० प्रश्न असताना वीस सेकंद महाग पडतात. अकरावीचे पहिले तीन महिने जीवशास्त्राचे रोज पंधरा शब्द, इंग्रजी शब्द आणि समोर तुझ्या भाषेतला अर्थ, असे वहीत लिही. कोरकू बोलत असशील तर कोरकूत लिही. तीन महिन्यांत साडेतेराशे शब्द होतात. जीवशास्त्राचे पान अडखळल्याविना वाचायला तेवढे बऱ्यापैकी पुरतात.

बोर्डाचे पुस्तक सोडू नकोस, कारण बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ४० टक्के (खुल्या प्रवर्गाला ५०) लागतात आणि इंग्रजीत पास व्हावे लागते. नीटमध्ये चांगले गुण असूनही इथे अडकलेली मुले दरवर्षी असतात.

तुझ्या भागात आणखी एक आधार आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम गरीब घरांतल्या मुलांना नीट मोफत शिकवतो आणि मेळघाटातल्या आदिवासी मुलांसाठीही काम करतो. शिकवणारे स्वतः अलीकडेच ती परीक्षा दिलेले असतात, हा त्याचा मोठा फायदा. चौकशी कर.

पहिल्या प्रयत्नात २१० गुण आले. एससी प्रवर्ग. पात्र ठरलो, पण जागा नाही. रिपीट करू का? — एक विद्यार्थी, उदगीर

आधी पात्रता आणि जागा या दोन गोष्टी वेगळ्या कर. २०२५ मध्ये राखीव प्रवर्गाची पात्रता ११३ गुणांवर आणि खुल्या प्रवर्गाची १४४ वर थांबली. सरकारी दंत महाविद्यालयाच्या यादीतला शेवटचा विद्यार्थी याच्या कितीतरी वर असतो. दुसरे, गेल्या वर्षीचे ‘कटऑफ गुण’ या वर्षी लावू नकोस. २०२४ मध्ये अव्वल विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० होते, २०२५ मध्ये अव्वल गुण ६८६. पेपर अवघड झाला की सगळ्यांचे गुण एकदम उतरतात. तुलना नेहमी अखिल भारतीय क्रमांकाची करायची. राज्याच्या प्रवेश फेऱ्या घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या मागच्या वर्षीच्या फेऱ्यांच्या याद्या काढ, आपल्या प्रवर्गाचा प्रत्येक कॉलेजचा शेवटचा क्रमांक वहीत लिही, आणि मग ठरव किती अंतर कापायचे आहे.

२१० गुण कुठून आले यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. एकूण ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. जीवशास्त्रात १७०-१८० आणि भौतिकशास्त्रात शून्याच्या आसपास असतील, तर एक वर्ष देण्यात अर्थ आहे, कारण भौतिकशास्त्राची दुरुस्ती सरावाने होते. जीवशास्त्रातच ९०-१०० असतील, तर पुस्तक नीट वाचलेलेच नाही. ते वाचायला क्लास लागत नाही, आणि आणखी एक वर्ष तसेच गेले तर निकालही तसाच येईल.

त्या पेपरची उत्तरपत्रिका काढून चुकीच्या उत्तरांवर खुणा कर: येत नव्हते, येत होते पण घाईत चुकले, आणि अंदाजाने ठोकले. तिसऱ्या गटाचा हिशेब मुलांना पटत नाही म्हणून मांडतो. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. चारही पर्यायांत काहीच माहीत नसताना ४० प्रश्न ठोकले, तर सरासरी १० बरोबर, ४० गुण; ३० चूक, वजा ३०. हाती १० गुण आणि गेलेला वेळ. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर मात्र दर दोन प्रश्नांमागे सरासरी ३ गुण पदरात पडतात. तिथे न सोडवणे हाच तोटा.

पैसे नसतील तर आयआयटी कानपूरने शिक्षण मंत्रालयासाठी चालवलेले ‘साथी’ हे संकेतस्थळ मोफत आहे, सराव चाचण्यांसाठी ते वापर. पुण्याजवळ खेड तालुक्यातल्या कडूस इथे दक्षणा फाउंडेशनचे मोफत निवासी वर्ग चालतात. तिथे प्रवेश चाचणी देऊनच मिळतो आणि अर्ज बारावीत असतानाच करायचा असतो. तुझ्या धाकट्या भावंडांना हे आताच सांग.

मुलाचा जातीचा दाखला आहे. कॅप राऊंडला (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीला) व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी प्रमाणपत्र, मागतात. ती किती दिवसांत मिळते? नॉन-क्रिमिलेअर दोन प्रकारचे असते का? — एक आई, ता. केज

किती दिवसांत यावर भरवसा ठेवू नका. अकरावीत असतानाच अर्ज टाका. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात. अनुसूचित जमातींची तपासणी समिती वेगळी असते, तिथे वेळ आणखी लागतो.

समितीला एकच गोष्ट पाहायची असते: ठरावीक तारखेच्या आधी तुमच्या घराण्याची जात आणि राहण्याचे ठिकाण काय होते. अनुसूचित जातीसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली उतारे. वडिलांच्या बाजूच्या कुणाची, म्हणजे वडील, सख्खा काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडाची व्हॅलिडिटी झालेली असेल, तर ती जोडा. काम बरेच हलके होते. आईकडची कागदपत्रे इथे सहसा उपयोगी पडत नाहीत.

अर्ज अडतो तो बहुधा नावांवर. आजोबांच्या उताऱ्यात ‘किसन रामा’, वडिलांच्या दाखल्यावर ‘कृष्णा रामभाऊ’, मुलाच्या दाखल्यावर तिसरेच. अशा वेळी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र काळजीपूर्वक करा. त्यात प्रत्येकाचे कागदावरचे नाव आणि ‘ऊर्फ’ दोन्ही लिहा, आणि प्रत्येक जोडकागद वंशावळीतल्या कोणाचा हे पेन्सिलीने वर लिहून ठेवा. उताऱ्यावरची जात खाडाखोड केलेली दिसली तर त्याच शाळेकडून मूळ नोंदवहीच्या पानाची प्रमाणित प्रत घ्या. समिती ते मागणारच, मग सहा महिन्यांनी धावपळ कशाला?

नॉन-क्रिमिलेअर खरोखर दोन नमुन्यांत असते. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी राज्याचा नमुना चालतो. तो प्रवेशाच्या वर्षाच्या पुढील ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय १५ टक्के जागांवर ओबीसी म्हणून जायचे तर केंद्राचा नमुना लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. हा दाखला त्या आर्थिक वर्षात, १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. दोन्ही एकाच हेलपाट्यात मागून घ्या. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न त्यात धरत नाहीत. सेतू केंद्रात कधी उलटे सांगतात, म्हणून लक्षात ठेवा. अनुसूचित जाती-जमातींना हा दाखला लागतच नाही.

एसईबीसी हा राज्याने मराठा समाजासाठी केलेला प्रवर्ग केंद्रात नाही. त्या मुलांनी नीटच्या अर्जात खुला किंवा, केंद्राच्या निकषात बसत असल्यास, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) निवडायचे असते. राज्याच्या अर्जात आपला प्रवर्ग वेगळा नोंदवता येतो.

राहिलेले कागद थोडक्यात: डोमिसाईल, राष्ट्रीयत्वाचा दाखला (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘भारतीय’ लिहिले असेल तर भागते), ठरलेल्या नमुन्यातले वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र, आणि मधे वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. राज्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेली असावी लागते. ऊसतोडीसाठी मुले सीमेपलीकडे घेऊन जाणाऱ्या पालकांनी एवढे सांभाळावे: दहावीचा फॉर्म गावाकडच्या शाळेतूनच भरा.

सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्रात वेगळ्या जागा आहेत का? — वाचक, खानापूर

आहेत. वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी. त्या गावचा रहिवासी असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच घ्या. साध्या कागदावरचा चालत नाही. जागा मोजक्या असतात, म्हणून कर्नाटकातला अर्जही सोबत भरा.

एक सल्लागार फॉर्म भरायचे पंचवीस हजार मागतो आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठेही भरा म्हणतो. भरू का? — एक पालक, सांगली

पंचवीस हजार देऊ नका. अभिमत विद्यापीठांचे आधी गणित पाहा. केंद्राच्या एमसीसीकडे (वैद्यकीय समुपदेशन समितीकडे) अखिल भारतीय कोट्यासाठी नोंदणी खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीवला ५०० रुपये, अनामत अनुक्रमे १०,००० आणि ५,०००. त्याच अर्जात अभिमत विद्यापीठे जोडली की नोंदणी ५,००० आणि अनामत २ लाख. जागा न मिळाल्यास अनामत परत येते, पण महिनोन्‌महिने अडकते. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर जप्त होते. शिवाय खासगी अभिमत विद्यापीठांत राज्याची मुलींची फी-माफी लागू नाही. पैशांची चणचण असलेल्या घराने तिकडे वळूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एमसीसीची पहिली फेरी मोकळी असते: जागा मिळाली आणि घेतली नाही तरी अनामत जात नाही. दुसरीपासून नियम आवळत जातात. राज्याच्या फेऱ्या सीईटी कक्ष वेगळ्या घेतो, त्यांची नोंदणी वेगळी. दोन्ही करा.

राज्यात सरकारी दंत महाविद्यालये मुंबईत (सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात), नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. पसंतीक्रमात ही चार आधी. त्यांचा आपसातला क्रम वसतिगृह आणि प्रवासखर्च पाहून लावा, कारण सगळीकडे पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. मग घराला परवडतील अशी खासगी, फक्त कॅप फेरीतली. त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि संकेतस्थळावर जाहीर करते. ती वाचूनच क्रमांक टाका. संस्थात्मक कोट्याची फी कित्येक पट असते, तिथे बोट लावू नका. गोव्याच्या रहिवाशांनी बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय पहिले धरावे. त्यातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून सगळ्यांना खुल्या आहेत.

पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप रद्द होते. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर हवी तीच कॉलेजे ठेवा. ‘बघू तर’ म्हणून टाकलेल्या नावाने चांगली जागा घालवलेली मुले कमी नाहीत. आहे त्यात समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरा. मग पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर पडते.

जागा मिळाली तर पाच वर्षांचा खर्च कसा भागवायचा? — एक विद्यार्थिनी, जि. हिंगोली

बीडीएस चार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप. तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस असशील आणि घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कॅपमधून प्रवेश घेतलेल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, खासगी कॉलेजातही. अनामत, वसतिगृह आणि खानावळ त्यात नाहीत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप म्हणजे फी-माफी. शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी कॉलेजला भरायची असते. ते पैसे घरात खर्च झाले की पुढे परीक्षेच्या फॉर्मला अडवणूक होते.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम् आणि ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. इतर शहरांत कमी. आधी वसतिगृहाचा अर्ज केल्याची पावती ठेव.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचे पैसे न येण्याचे नेहमीचे कारण एकच: आधार भलत्याच बँकेतल्या जुन्या खात्याला जोडलेले असते. प्रवेशाआधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते पाहून घे. आणि अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, आपोआप होत नाही.

पहिल्या वर्षीच्या साहित्यावर किती खर्च होतो? जुने घेतले तर चालते का? — एक पालक, सावंतवाडी

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया-जीवरसायन आणि दातांची रचना हे विषय असतात. दातांच्या विषयात मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात. त्याला लेक्रॉन कार्व्हर, मेणाची सुरी, मोजपट्टी आणि भरपूर मेण लागते, तेवढे हजार-दोन हजारांत बसते. मोठा खर्च दुसऱ्या वर्षी, प्रीक्लिनिकलला (रुग्णांआधीच्या सरावाला) येतो: मायक्रोमोटर, हँडपीस, कृत्रिम दातांचा टायपोडोंट, इम्प्रेशन ट्रे. हे सगळे वरच्या वर्गाकडून निम्म्या किमतीत मिळते. कार्व्हर, ट्रे, आर्टिक्युलेटर डोळे झाकून जुने घ्या. मायक्रोमोटर चालवून, पाच मिनिटांत तापतो का पाहून घ्या. बर (हँडपीसमध्ये बसवायची कोरणी) आणि टायपोडोंटचे दात नवेच लागतात; झिजलेल्या बरने खड्डा वेडावाकडा होतो आणि गुण कापले जातात. पुस्तकांसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पुस्तक पेढी योजना आहे, दोघांत एक संच. ग्रंथपालाकडे पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा. कॉलेजने दिलेली साहित्याची छापील यादी घेऊनच बाजारात जा, आणि पूर्ण यादी एकदम घेऊ नका. शिक्षक जे वर्गात मागतील तेच त्या महिन्यात.